बापाची दारू आणि मुलाचे शील

रविवारी विहारात वंदना होते. मुले पुढे बसून पंचशील म्हणतात. पाचव्या शीलाला एखाद्या मुलाचा आवाज खाली जातो, कारण आदल्या रात्री त्याचा बाप पिऊन आलेला असतो. शील मोडले बापाने, मग मान खाली मुलाची का? हा प्रश्न त्या एकट्या मुलाचा नाही, साऱ्या वस्तीचा आहे.

याला तीन उत्तरे दिली जातात आणि तिन्ही धम्माच्या कसोटीला उतरत नाहीत.

पहिले उत्तर, 'मागल्या जन्माचे भोग'. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला. दीनदुबळ्यांच्या स्थितीचा दोष त्यांच्याच माथी मारून समाजाला मोकळे करणारा हा सिद्धांत आहे, असे त्यांनी दाखवून दिले. उपाशी झोपलेल्या मुलाला 'भोग' म्हणणारा माणूस दीक्षा घेऊनही जुन्याच धर्मात राहिला, असे म्हटले पाहिजे.

दुसरे उत्तर, 'घरची अब्रू घरात ठेवा'. मग 'बाबा आजारी आहेत' असे दुकानदाराला सांगायला मुलाला धाडले जाते. म्हणजे बापाचे पाचवे शील झाकण्यासाठी मुलाचे चौथे शील मोडले जाते. ही अब्रू नव्हे.

तिसरे उत्तर, 'त्या घराशी संबंध तोडा'. बंधूंनो, बहिष्काराचे चटके आपल्या वाडवडिलांनी सोसले आहेत. तेच हत्यार आपण एका लेकरावर चालवावे काय?

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मद्याचे सहा तोटे सांगितले. त्यांत धननाश आणि कलह आरंभीच येतात, आणि हे दोन्ही पिणाऱ्यापेक्षा बायकामुलेच अधिक भोगतात. त्याच सुत्तात मुलांना वाईटापासून आवरावे, विद्या शिकवावी, अशी आईबापांची कर्तव्ये सांगितली आहेत. बाप ती पार पाडीत नसेल, तर ती कोणी उचलावीत? माझे उत्तर आहे, संघभावनेने राहणाऱ्या वस्तीने.

उचलायची म्हणजे काय करायचे? मुलाला स्पष्ट सांगावे, 'बाळ, ही दारू तुझ्यामुळे सुरू झाली नाही आणि ती सोडवणे तुझे काम नाही.' संध्याकाळी अभ्यासाला विहाराचे दार उघडे ठेवावे. रात्री मारहाण झाली तर माय-लेकरांनी कोणत्या घरी जायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. मारहाण सोसणे म्हणजे क्षांती नव्हे; २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा त्या भगिनीच्या पाठीशी आहे. मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

आणि बापाचे काय? त्याच्या हाती पैसा देणे ही करुणा नव्हे, त्याला शिव्या देणे हेही शील नव्हे. व्यसन हा आजारही आहे. फार पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर झटके येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणून त्याला डॉक्टरांकडे न्यावे. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत उपचार होतात. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉनचे मेळावे असतात. ही चळवळ १९५१ सालची आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपण एकेकट्याने घेतली नाही, लाखोंनी मिळून घेतली. मिळून घेतलेली प्रतिज्ञा एका घरात मोडली, तर ती सावरणेही मिळूनच झाले पाहिजे. येत्या रविवारी त्या मुलाचा आवाज खाली गेला, तर आपण त्याच्या शेजारी बसून आपला आवाज चढवावा.