दैव हे पाचवे कारण

कोणी मजूर यंत्रात सापडून मेला की ‘त्याचे दैव!’ असे म्हणून आपण हळहळतो आणि आपल्या उद्योगास लागतो. या उद्गारात करुणा असते हे खरे. परंतु पुष्कळदा त्यात आपली सुटकाही असते. म्हणून तो न्यायाच्या कसोटीवर घासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अमेरिकेतील मेम्फिस नगरात १ फेब्रुवारी १९६८ रोजी एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार पावसामुळे कचऱ्याच्या गाडीच्या मागील भागात आसऱ्यास बसले. कचरा दाबणारे यंत्र अकस्मात चालू झाले आणि दोघेही चिरडून मेले. पुढे सुमारे १३०० कामगारांनी संप केला. ‘मी माणूस आहे’ एवढेच त्यांच्या फलकांवर लिहिलेले होते. त्यांच्या पाठिंब्यास गेलेले मार्टिन ल्यूथर किंग यांची त्याच नगरात ४ एप्रिल रोजी हत्या झाली.

यास दैव म्हणावे काय? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैवाचा क्रम पाचवा आहे. तेव्हा चौकशी पहिल्या चौघांची आधी व्हावयास हवी. अधिष्ठान म्हणजे स्थान असे धरले, तर पावसात उभे राहावयास त्या मजुरांना दुसरी जागा नव्हती. करण म्हणजे साधन. ती गाडी जुनी होती, आणि अशा गाड्या काढून टाकाव्यात ही कामगारांची मागणी पूर्वीचीच होती. कर्ते केवळ मजूर नव्हेत, नगराचा कारभार पाहणारेही होत. आणि मागणी ऐकून स्वस्थ बसणे हीही एक चेष्टाच. पूर्वसूचना मिळालेला व टाळता येण्याजोगा धोका न टाळणे, यास कायदा दैवी आपत्ती म्हणत नाही, उपेक्षा म्हणतो.

आमच्या देवस्थानांची जत्रा संपली की निर्माल्य आणि पत्रावळी उचलावयास अशीच गाडी येते. अरुंद वाटेने ती मागे घेताना पाठीमागचा मजूर चालकास दिसत नाही. मागच्या पायरीवर लोंबकळणारा एका हिसक्यासरशी खाली पडतो. वाटेवर उजेड ठेवणे, गाडी मागे घेताना इशाऱ्यास माणूस उभा करणे, यंत्र थांबल्यावाचून कोणी आत हात घालू नये हा दंडक पाळणे, यांस फारसे द्रव्य लागत नाही. पाऊस आला तर त्या मजुरास सभामंडपात बसवून घेण्यास तर काहीच लागत नाही. लागते ते मन.

ही चार कारणे सांभाळल्यावर जे उरेल, त्यास खुशाल दैव म्हणावे. तोवर तो शब्द उच्चारण्याचा अधिकार आपणांस नाही.