तुटलेलं पुन्हा वाढतं, म्हणून तोडायचं का?



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४५

अर्जुनाचा प्रश्न आपल्या सगळ्यांचाच आहे. श्रद्धा आहे, पण मन मध्येच घसरलं, साधना तुटली, तर त्या माणसाचं काय? फुटलेल्या ढगासारखा तो विरून जातो का? भगवंत सांगतात, नाही. चांगलं करणाऱ्याची दुर्गती होत नाही. पुढच्या जन्मी त्याची आधीची बुद्धी त्याला परत मिळते आणि तो पुन्हा प्रयत्नाला लागतो.

हे श्लोक मला फार आवडायचे. खरं सांगतो, सोयीचे वाटायचे म्हणून.

आमचं गाव चाकणजवळ. काही वर्षांपूर्वी आम्ही रस्त्यालगतची आमराई गोदामासाठी विकली. अण्णा म्हणाले होते, "विहिरीजवळचे दोन आंबे तरी ठेवायला सांग." मी म्हटलं, "व्यवहार अडेल, अण्णा. झाडं काय, पुन्हा लावू." त्या पैशातून मोशीत फ्लॅट झाला. अण्णा नंतर त्या वाटेने कधी गेले नाहीत.

मागचा डोंगरउतार मात्र आमच्याकडेच राहिला. गवत चांगलं येतं म्हणून तिथे दर उन्हाळ्यात आग लावायचे. चार वर्षांपूर्वी ते बंद केलं. आता पळसाच्या जुन्या खुंटांना धुमारे फुटलेत, बोरी-करवंदीची जाळी झाली आहे. ते पाहून मला बरं वाटलं. म्हटलं, बघा, निसर्ग माफ करतो!

मग जरा वाचन केलं आणि ते 'बरं वाटणं' टिकलं नाही.

जंगल परत येतं, पण त्याला काही गोष्टी लागतात. जमिनीत मुळं आणि माती शिल्लक हवी. कुऱ्हाड आणि वणवा थांबायला हवा. आणि जवळपास एखादं जुनं रान उभं हवं. आंबा, जांभूळ यांच्या बिया मातीत वर्षानुवर्षं वाट पाहत नाहीत. त्या कुणीतरी आणून टाकाव्या लागतात: वटवाघूळ, उदमांजर, पक्षी. म्हणून देवराईचं मोल. देवाच्या नावाने तिथे कुऱ्हाड चालवायची नाही, हा गावाचा नियम. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा देवरायांचा अभ्यास केला. आपल्याच जिल्ह्यातल्या भीमाशंकरला, जिथून निघालेली भीमा पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते, तिथेही जुनी झाडी देवाच्या नावानेच राखली गेली. १९८५ साली तिथे अभयारण्य झालं, पण राखण त्याच्या कितीतरी आधीची. मला तर देवराई म्हणजे सत्संगच वाटतो. आपलं रान उजाड झालं, तरी बी कुठून तरी येतं.

आता वेळेचा हिशोब. अमेरिका खंड आणि पश्चिम आफ्रिकेतल्या उष्णकटिबंधीय जंगलांचा एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. शेती सोडून दिलेल्या जमिनीवर मातीचा कस साधारण दहा वर्षांच्या आत सावरतो. जंगलाची ठेवण आणि झाडांची विविधता यायला २५ ते ६० वर्षं लागतात. पण पूर्वी होती तीच झाडं, त्याच प्रमाणात यायला १२० वर्षांहून जास्त.

म्हणजे हिरवं लवकर दिसतं. 'तेच' परत यायला पिढ्या जातात. आणि काँक्रीटखाली तर काहीच येत नाही.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना रोलबॅकची सवय. चुकीचा कोड गेला, मागचं व्हर्जन लावलं, झालं. जंगलात रोलबॅक नाही, फक्त पुढे वाढणं आहे. माणसाच्या मनाचंही तसंच. घरात भांडण झालं की दोन दिवसांत बोलणं सुरू होतं, हसणंही होतं. ते पहिलं गवत. विश्वास हे मोठं झाड आहे.

मग भगवंतांचं आश्वासन खोटं का? नाही. मीच ते अर्धं वाचत होतो. घसरण्याची भीती वाटणाऱ्याला दिलेला तो धीर आहे. "घसरलो तर चालेल ना?" असं आधीच विचारणाऱ्याला दिलेली ती सूट नाही. आणि ४५ व्या श्लोकात अट स्पष्ट आहे: नेटाने प्रयत्न, तोही अनेक जन्म. १२० वर्षांचं रान लावणारा त्याची सावली पाहत नाही. तरी आग मात्र त्याला आजच थांबवावी लागते.

गेल्या दिवाळीत मी अण्णांना म्हटलं, "त्या दोन आंब्यांचं माझं चुकलं." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उन्हाळ्याच्या आत उतारावर जाळरेषा काढून घे."

माफ केलं की नाही, मला माहीत नाही. जाळरेषा मात्र काढली.

आजचा संकल्प: "पुन्हा होईल" असं म्हणून आपण काय तोडतोय, ते एकदा बघूया. आणि जे तुटलंय, तिथली आग आधी थांबवूया.

राम कृष्ण हरी!