जळमटांचं घर

सूर्यपक्ष्याच्या मादीला घर बांधायचं असलं की ती आधी कोळ्याकडे जाते. गॅलरीच्या वरच्या कोपऱ्यात, खिडकीच्या गजांमागे, पाइपाच्या वाकणात जिथे जळमट दिसेल तिथे क्षणभर हवेतच फडफडत थांबते, चोचीने एक झुपका ओढते आणि जाते. वेलाच्या लोंबत्या टोकाला ते चिकट धागे ती गुंडाळत राहते. त्यांवर वाळक्या पानांचे तुकडे चिकटवते, सालीचे कपटे, झाडावरचं दगडफूल, अळ्यांची वाळलेली विष्ठासुद्धा. आत रुईच्या बोंडातून उडालेली म्हातारी अंथरते. एका बाजूला चोच आणि डोकं बाहेर काढता येईल एवढं दार आणि त्या दारावर इवलीशी पडवी. नर जवळपास असतो, गातो, पण बांधकाम जवळजवळ सगळं मादीचंच. तयार झालेलं घरटं लांबून पाहणाऱ्याला फांदीत अडकलेला कचराच वाटतं, आणि तसं वाटण्यातच पिल्लांचा बचाव आहे.

हे सगळं सामान आपण सणावाराला केरसुणी घेऊन झाडून टाकतो, तेच. मला वाटतं, पक्षी आपल्या घराजवळ राहायला येतात ते आपल्या हातून झाडायच्या राहून गेलेल्या कोपऱ्यांमुळे. अंगणभर फरशी, कात्रीने कातरलेलं कुंपण, पानन्‌पान वेचलेली बाग इथे बुलबुल फार तर पाणी प्यायला येईल. संसार मांडायला त्याला दाट, न छाटलेली जुई-मोगऱ्याची गुंतवळ हवी असते.

पिल्लं झाली की आणखी एक गोष्ट कळते. सूर्यपक्षी म्हटला की जास्वंदीच्या फुलात चोच खुपसलेला पक्षी आठवतो. पण पिल्लांच्या तोंडात तो मध घालत नाही. चोचीतून येतात कोळी, चिलटं, मऊ अळ्या. पिल्लाचं हाडमांस मधाच्या गोडीवर वाढत नाही, त्याला मांसाहार लागतो. चिमणीचंही तसंच. आपण मोठ्या मायेने तिच्यासाठी तांदळाच्या कण्या टाकतो आणि त्या ती खातेही, पण पहिले काही दिवस तिची पिल्लं किड्यांवरच पोसली जातात. कण्यांच्या ताटलीशेजारी कीटकनाशकाची फवारणी चालू असेल, तर आपण आईला जेवू घालतो आणि मुलांना उपाशी ठेवतो.

आमच्या सोसायटीत बागेची देखभाल करणारे मामा एकदा कढीपत्त्यापाशी थांबले. पानांवर फुलपाखराच्या अळ्या होत्या, अर्धी फांदी खाऊन झाली होती. “ताई, कीड लागलीय, औषध मारू का?” मी म्हटलं, “नको मामा, राहू द्या. पलीकडच्या मोगऱ्यात बुलबुलाची पिल्लं आहेत.” मामांनी वाकून पाहिलं आणि पंप खाली ठेवला. गावाकडे लिंबाच्या झाडावर शिंपी पक्षी पानं शिवायचा, ती जागा त्यांना अजून ठाऊक होती. शिंप्याची मादी पानाच्या कडांना चोचीने भोकं पाडते, त्यांतून कापसाचा किंवा जळमटाचा धागा काढते आणि पान वळवून त्याची पिशवी करते. धागा बाहेरच्या बाजूला फुगून बसतो म्हणून टाका सुटत नाही. पान देठाला तसंच जिवंत, हिरवं राहतं, त्यामुळे शेजारून जाणाऱ्यालाही आत कोणी आहे याचा सुगावा लागत नाही. हे सगळं मामांनी हातवारे करून सांगितलं. आमच्या कढीपत्त्याला त्या वर्षी कोणी औषध मारलं नाही. त्याला पुन्हा पालवी फुटली, काही झालं नाही.

घरट्याकडे रोज पाहणाऱ्याला सगळ्यांत जास्त नवल वाटतं ते स्वच्छतेचं. बुलबुलाची वाटी उघडी असते, म्हणून तिथे हे नीट दिसतं. आई घास भरवते आणि लगेच निघत नाही, काठावर थांबते. पिल्लू तोंड मिटून उलटं वळतं, मागची बाजू वर करतं आणि पातळ पापुद्र्यात बांधलेली विष्ठेची पांढरी गोळी बाहेर येते. आई ती चोचीत उचलून दूर नेऊन टाकते. पिल्लं अगदी लहान असतात तेव्हा कधी गिळूनही टाकते. घरट्याखाली शिंतोडे पडले, वास सुटला तर मांजराला, कावळ्याला पत्ता लागेल. स्वच्छतेचा असा हिशेब आपण क्वचितच मांडतो. आपण दिसावं म्हणून आवरतो, ते लपावं म्हणून.

तरीही पत्ता लागतो. मोगऱ्यातली ती वाटी एका सकाळी रिकामी झाली. भारद्वाज आला होता. ज्याचं दर्शन झालं तर दिवस चांगला जातो असं आजीने शिकवलं, तोच तपकिरी पंखांचा, लाल डोळ्यांचा पक्षी झुडपांत शिरून अंडी आणि पिल्लं वेचून खातो. मला त्याचा फार राग आला होता, आणि दगड उचलावासाही वाटला. पण त्यालाही कुठेतरी दाट जाळीत पिल्लं होतीच, त्यांनाही कोणीतरी भरवायचं होतं. घरट्यावर जीव जडला की आपण एका कुटुंबाची बाजू घेतो. बागेला तशी बाजू घेता येत नाही. बुलबुलांची बरीच घरटी अशीच वाया जातात आणि जोडी बहुधा लवकरच दुसरीकडे काड्या जमवू लागते. आम्ही दुःख करत होतो तेव्हा मोगऱ्यातली जोडीही कामाला लागली होती.

लांबून, न ढवळता पाहण्यातून किती हाती लागतं, याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण अलिबागजवळच्या किहीमचं. 1930 साली पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली बर्लिनमध्ये शिकून परतले तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशांअभावी बंद झाली होती. दुसरी नोकरी मिळेना. पत्नी तेहमिना यांच्यासह ते किहीमला राहायला गेले आणि तिथे सुगरण पक्ष्यांची वीण जवळून पाहत बसले. खोपा नर विणतो. अर्धाच विणून तो थांबतो. माद्या येतात, आत शिरून तपासतात, धागे ओढून पाहतात. एखादीला पसंत पडला की तो पुरा करतो, ती अंडी घालते आणि नर दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. एकाच हंगामात असे एकामागून एक संसार! हे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या विहिरींवर, शिंदीच्या झाडांवर घडत होतं, पण तोवर कोणी असं नीट बसून पाहिलं नव्हतं. बेकारीच्या दिवसांत एका माणसाने केलेलं हे काम मला फार धीर देतं.

आता मोबाइल हातात असतो, आणि फोटोसाठी मधली फांदी बाजूला बांधली जाते. माझी त्याला साफ हरकत आहे. आड आलेलं ते पानच कावळ्यापासून घरटं लपवत होतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरट्याला उपद्रव देणं हेही धरलेलं आहे. कायद्याच्या धाकापेक्षा त्यामागची समज मला मोलाची वाटते.

पण हात लावूच नये, या समजुतीचाही अतिरेक होतो. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, असं पुष्कळ घरांत सांगतात. ते खरं नाही. पिसंही न फुटलेलं पिल्लू खाली पडलं असेल तर हलकेच उचलून घरट्यात परत ठेवावं. पिसं आलेलं, उड्या मारणारं पिल्लू दिसलं तर ते बहुधा उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच असतात. त्याला खोक्यात घालून दूधपोळी भरवू नये. मांजराच्या वाटेतून उचलून जवळच्या झुडपात ठेवलं की आपलं काम झालं.

आणि एक विनंती आहे, ती सोसायटीच्या सभेत मांडण्यासारखी. पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांत, गावोगावी फांद्यांची छाटणी निघते. वाऱ्याने फांद्या पडून माणसं दगावतात, म्हणून ती लागतेच. पण अंगणातल्या बहुतेक पक्ष्यांच्या विणीचे तेच दिवस असतात. धोक्याच्या नसलेल्या फांद्यांची छाटणी हिवाळ्यात उरकता येते. मे महिन्यातच करायची तर कोयता चालण्याआधी कोणीतरी खाली उभं राहून झाड नीट न्याहाळावं, आणि घरटं असलेली फांदी मागे ठेवायला सांगावं. सूर्यपक्ष्याची अंडी साधारण पंधरा दिवसांत फुटतात, पुढच्या सतराएक दिवसांत पिल्लं उडून जातात. बुलबुलाला तर एवढाही वेळ लागत नाही. कंत्राटदाराला त्या एका फांदीसाठी महिन्याने परत बोलवायला हवं, आणि त्याच्या त्या फेरीचे पैसे आपण वर्गणीतून द्यावेत.