परक्याशी जमतं, घरच्याशी अडतं

लिअँडर पेसच्या नावावर 18 ग्रँड स्लॅम विजेतेपदं आहेत. आठ पुरुष दुहेरीची, दहा मिश्र दुहेरीची. त्याचे वडील वेस पेस मूळ गोव्याचे, 1972 च्या म्युनिच ऑलिंपिकमध्ये हॉकीचं कांस्यपदक मिळवणाऱ्या संघातले. मुलानं 1996 मध्ये अटलांटात टेनिसचं कांस्य आणलं. मुलगा वाढला कोलकात्यात, तरी आम्ही गोंयकार त्याला हक्कानं आपला म्हणतो. हक्क सांगायला आम्हाला तेवढं पुरतं.

मला कुतूहल आहे ते त्याच्या जोडीदारांचं. एकेरीत तो जागतिक क्रमवारीत 73 व्या स्थानाच्या वर कधी चढला नाही. त्याची खरी थोरवी दुसऱ्याच्या सोबतीनं खेळण्यात दिसली. शंभरहून अधिक जोडीदार झाले. मार्टिना नवरातिलोवा सेहेचाळीस वर्षांची असताना तिच्यासोबत त्यानं विम्बल्डन जिंकलं, पुढं कारा ब्लॅक आणि मार्टिना हिंगिससोबतही जिंकलं. मार्टिन डॅम, लुकास ड्लुही आणि राडेक स्टेपानेक या तीन चेक खेळाडूंबरोबर वेगवेगळ्या वर्षी त्यानं अमेरिकन ओपन नेली. भाषा वेगळी, देश वेगळा, खेळाची ढब वेगळी. दुहेरीत जोडीदाराची चूक निम्मी आपल्या खात्यावर पडते, आणि ती पडली तरी पुढच्या सर्व्हिसआधी त्याच्या हातावर टाळी द्यावी लागते. पेसला हे जन्मजात जमत होतं असं वाटावं, इतकं सहज तो ते करी.

आणि हाच माणूस आपल्याच देशाच्या महेश भूपतीपाशी अडला. दोघांनी 1999 मध्ये चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेऱ्या गाठल्या, फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकलं. मग बिनसलं. जोडी फुटली, जुळली, पुन्हा फुटली. तरीही डेव्हिस कपात देशासाठी हे दोघे एकत्र उतरत राहिले आणि दुहेरीचे ओळीनं 24 सामने जिंकले. मला त्यांच्या विजेतेपदांपेक्षा हा आकडा मोठा वाटतो. मैत्री असताना जिंकणं यात कसलं कौतुक?

आमच्या गोव्यातल्या मये गावाच्या आसपास ही गोष्ट लहान मुलालाही कळेल. मयेची महामाया, शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मोरजेची मोरजाई या देवी सख्ख्या बहिणी, खेतोबा त्यांचा भाऊ. तो उशिरा आला म्हणून लईराईनं रागाच्या भरात त्याला लाथ मारली, आणि त्या पश्चात्तापापोटी ती आगीतून चालली असं लोक सांगतात. तिचे भक्त, म्हणजे धोंड, आजही होमकुंडातून जातात. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस सायबीणही याच बहिणींतली मानतात, तिच्या फेस्ताला शिरगावहून तेल जातं. कुणाचं मन कुणाकडे वळलं आहे का, हे त्या दिवशी कोणी विचारत बसत नाही. तेल पोचतं. वर्षभर तोंड न बघणारी घरं गावच्या कामात एकमेकांच्या हाताखाली राबतात, कारण त्यांना बांधून ठेवणारी रीत त्यांच्या रागापेक्षा जुनी असते. याला ढोंग म्हणणारे आहेत. मी म्हणणार नाही. राग ओसरेपर्यंत नातं तगून राहायला काहीतरी आधार लागतो.

2012 च्या लंडन ऑलिंपिकआधी हा आधार सुटला. भूपती आणि रोहन बोपण्णा यांनी पेसबरोबर खेळायला नकार दिला. टेनिस संघटनेनं अखेर दोन संघ पाठवले: भूपती-बोपण्णा, आणि पेससोबत तरुण विष्णू वर्धन. दोन्ही जोड्या दुसऱ्या फेरीत बाहेर पडल्या. चूक कोणाची, यावर तेव्हा घराघरांत दोन तट पडले होते. मला तर त्यात कोणीच पूर्ण धुतल्या तांदळासारखा दिसत नाही, पेसही नाही. ज्याला शंभर परके सांभाळता आले, त्याच्यासोबत खेळायला देशातले दोन जण तयार नसावेत, याचं ओझं थोडं त्यानंही उचलायला हवं. सगळ्यांत जास्त दोष मात्र मी संघटनेला देईन. रीत राखायची जबाबदारी ज्यांची, ते भांडणात मध्यस्थी करण्याऐवजी वाटणी करून मोकळे झाले. शेतजमिनीच्या भांडणातही आपल्याकडे हेच होतं.

परक्याशी जमवून घेणं सोपं असतं, कारण त्याच्याशी जुना हिशेब नसतो. डॅमसोबत पेसची वाढ झाली नव्हती, कोणाला जास्त टाळ्या मिळाल्या याची दोघांत मोजदाद नव्हती. भूपतीसोबत ती मोजदाद होती.

एप्रिल 2018 मध्ये चीनमध्ये तियानजिनला पेस आणि बोपण्णा पुन्हा एका बाजूला उभे राहिले. भारत 0-2 असा मागे होता. दोघांनी दुहेरी जिंकली, पेसचा डेव्हिस कपातला तो 43 वा दुहेरी विजय, जागतिक विक्रम, आणि भारतानं ती लढत 3-2 अशी खेचली. बोपण्णानं पुढं 2024 मध्ये 43 व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलं, तेही ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डनच्या साथीनं. पेस-भूपतींनी 2001 मध्ये पॅरिसला चषक उचलल्यानंतर दोन भारतीय पुरुषांच्या जोडीनं एकही ग्रँड स्लॅम जिंकलेलं नाही.