स्पर्धा आणि स्वभाव

दोन नटांची स्पर्धा सुरू झाली, की रसिकांतही दोन तट पडतात. आणि प्रत्येक तट मनोमन आपले एक निराळेच नाटक रचू लागतो. त्यात आपला आवडता नट तेवढा उदार आणि दुसरा मत्सरी! या नाटकातील पात्रांचा स्वभाव कधी पालटत नाही, हाच त्याचा मोठा दोष होय. ज्यास विकास नाही ते पात्र नव्हे, बाहुले.

बालगंधर्व व केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत दोघांनी मिळून खाडिलकरांचे 'मानापमान' केले. बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव धैर्यधर. प्रेमाचा प्रवेश रंगवावयाचा, तर समोरच्यास पाडून भागत नाही. त्याचे ऐकून त्यास साजेसे उत्तर द्यावे लागते.

कोणी म्हणेल, हे कार्यापुरते झाले. मने कोठे पालटली? परंतु आधी मन शुद्ध व्हावे आणि मग हातून सत्कृत्य घडावे, असा क्रम नेहमी असतोच असे नाही. पुष्कळदा कृतीच मनाला वळण लावते. शिवाय मनाची वाट पाहण्यास काळ थांबत नाही: त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, केशवराव निवर्तले.

प्रतिस्पर्ध्यावर मात करण्याने कौशल्य वाढेल. स्वभाव वाढतो तो त्याच्यासह उभे राहण्याने. रसिकांनीही आपल्या मनातील नाटकात एवढा एक प्रवेश अवश्य घालावा.