वर्गणीबाहेरचा वाटा
अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्यांपूर्वी (तो फुटबॉल बव्हंशी हातांनीच खेळतात) मैदानाबाहेर पिकअप गाडीचा फाळका पाडून मित्रमंडळी सहभोजन करतात. त्यास ‘टेलगेट’ म्हणतात. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात लाखाहून अधिक प्रेक्षक मावतात. बाहेरचा थाट त्यावरून ताडावा. तंबू, कोळशाची शेगडी, बर्फाची पेटी, घडीच्या खुर्च्या हे सामान पुष्कळदा वर्गणीतून येते. वर्गणी समान, म्हणून न्याय झाला, असे सर्वांस वाटते.

परंतु हंगाम सरल्यावर ते सामान कोणा एकाच्या गॅरेजमध्ये पडते. तोच सकाळी लवकर जाऊन जागा धरतो, सामन्यानंतर निखारे विझवतो, घरी तेलकट जाळी घासतो. या श्रमांचे मोल पैशांत द्यावे, तर मित्राचा गडी होतो. न द्यावे, तर इतरांची मैत्री फुकटची ठरते. आमच्या मते, मोल न देता पाळी लावावी. मात्र वसतिगृहातल्या, गाडी नसलेल्या विद्यार्थ्याने जाळी घासली तरी पुरे. त्याच्याकडे समान वर्गणीही मागू नये.

आपल्याकडे गणेशोत्सवाच्या सतरंज्या आणि पातेली वर्षानुवर्षे एकाच घराच्या माळ्यावर असतात. अहवालात त्या घरच्या यजमानांचे आभार छापले जातात. पातेली घासून ठेवणाऱ्या बाईंचे नाव आम्हांस तिथे क्वचितच आढळले.