कीर्दीवाचून खतावणी

जुन्या घरांच्या माळ्यावरील दप्तरांचे रुमाल ज्यांनी कधी सोडून पाहिले असतील, त्यांना कीर्द आणि खतावणी यांतील भेद सांगावयास नको. रोजचे व्यवहार जसे घडले तसे कीर्दीत उतरत. पुढे त्यांची खातेवार मांडणी खतावणीत होई. वाचावयास सोयीची खतावणीच. परंतु तीतील एखाद्या रकमेविषयी शंका आली, की कीर्दीचे पान उघडावे लागे. तेथे आधार सापडला नाही, तर कारकुनाच्या सचोटीची साक्ष कामास येत नसे.

आजचे शास्त्रीय संशोधन आपणांपुढे येते ते बहुधा खतावणीच्या रूपात. मूळ आकडेवारी हाती आल्यावर दुबार नोंदी काढणे, रिकाम्या जागांचे काय करावयाचे ते ठरवणे, एकके जुळवणे, काही नोंदी वगळणे अशी कितीतरी कामे निष्कर्षापूर्वी होतात. ती कोणत्या क्रमाने व का केली, याची कीर्द पुष्कळदा मागे राहतच नाही. मग संशोधक प्रामाणिक आहे, एवढ्यावर आपण विसंबावे काय?

एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली एक निबंध प्रसिद्ध केला. सरकारी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या प्रगत देशांत दुसऱ्या महायुद्धानंतर वाढीचा सरासरी दर उणे ०.१ टक्का आढळतो, असे त्यात होते. युरोप-अमेरिकेत सरकारी खर्चाच्या कपातीचे समर्थन करणाऱ्यांनी हा आकडा वारंवार पुढे केला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने तेच गणित करून पाहिले, उत्तर जुळेना. त्याने मागितल्यावर लेखकांनी आपला एक्सेलचा तक्ता त्याला पाठवला. त्यात सरासरी काढताना २० देशांपैकी ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क या पाच देशांच्या ओळी सूत्राबाहेर राहिल्या होत्या. आपल्या दोन प्राध्यापकांसह त्याने काढलेली सरासरी २.२ टक्के आली.

येथे थोडे थांबावयास हवे. त्या पाच ओळींमुळे पडलेला फरक तुलनेने लहान होता. मोठा फरक पडला तो काही वर्षे वगळल्यामुळे आणि देशांना दिलेल्या वजनामुळे: ब्रिटनची १९ वर्षे आणि न्यूझीलंडचे एकच वर्ष, दोहोंस सारखेच वजन मिळाले होते. ओळी सुटल्याचे लेखकांनी मान्य केले. उरलेल्या आक्षेपांचा त्यांनी प्रतिवाद केला. म्हणजे एक झाली हाताची चूक, आणि दुसरा झाला निवडीचा मतभेद.

आकडेवारीची ही पूर्वतयारी हाताने न करता, तिची प्रत्येक पायरी संगणकाला लेखी आज्ञांनी सांगावी, असा आग्रह आता धरला जातो. मूळ नोंदींना हात लावावयाचा नाही; त्याच नोंदी व त्याच आज्ञा घेऊन परक्या माणसासही तेच उत्तर मिळाले पाहिजे. साहित्यचर्चेतला ‘पुनःप्रत्यय’ हा शब्द येथे निराळ्या अर्थाने सार्थ होतो. मात्र यामुळे निवडीची जबाबदारी यंत्राकडे जात नाही. कोणती वर्षे वगळावीत, हे माणसानेच ठरवावयाचे असते. लेखी आज्ञेमुळे ते उघड होते, इतकेच.

शिवाय, यंत्राने केले म्हणजे बिनचूक झाले, असेही नाही. जनुकांच्या ‘मार्च१’, ‘सेप्ट२’ अशा नावांना तारखा समजून एक्सेल ती परस्पर बदलून टाकते, हे २००४ सालीच नोंदवले गेले होते. तरी २०१६ सालच्या एका पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक-पंचमांशांत असे दोष आढळले. अखेर २०२० साली जनुकांचीच नावे बदलल्याचे जाहीर करावे लागले! यंत्राचे न सांगता केलेले साहाय्य आणि आपण लिहून दिलेली, कोणासही वाचता येणारी आज्ञा, या दोन गोष्टी एक नव्हेत.

पण आमच्या मनाला खरी टोचणी लागते ती निराळीच. त्या दोघांनी तक्ता दिला, म्हणूनच त्यांची चूक जगापुढे आली. ज्यांनी आपली कीर्द कधी दाखवलीच नाही, त्यांची अब्रू शाबूत आहे. चूक दाखवता येईल अशी वाट मोकळी ठेवणाऱ्यालाच आपण शिक्षा करू लागलो, तर शहाणा माणूस वाट बंदच करील. तेव्हा कीर्द ठेवणे हे जसे संशोधकाचे कर्तव्य, तसे कीर्दीत सापडलेली चूक आणि केलेली लबाडी यांत भेद करणे, हे वाचकाचे कर्तव्य होय.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तीत संपादकांनी स्वीकारलेला पाठ वर आणि इतर पोथ्यांतील पाठभेद त्याच पानाच्या तळाशी छापले आहेत. म्हणजे निर्णय संपादकांचा, पण तो नाकारण्याची साधने वाचकाच्या हाती. सचोटीची याहून मोठी खूण आम्हांस ठाऊक नाही. आपल्या घराण्यांचे वृत्तान्त लिहिताना, वंशावळी जुळवताना आपण ती कितपत पाळतो, हे ज्याने त्याने आपल्या दप्तरास विचारावे.